बेडकांचें होकायंत्र

संस्कृत पंडितांनीं बेडकाला विहिरींत कोंडून ठेवलें, त्याला कित्येक शतकें लोटलीं. ‘कूपमंडूक’ या एका शब्दानें त्याची जी अपकीर्ति झाली ती अद्याप पुसली गेलेली नाहीं. ज्याला आपल्या चार भिंतींपलीकडचें जग ठाऊक नाहीं अशा मनुष्याला बेडकाची उपमा द्यावयाची, हा मराठी लेखणीचाहि जुना परिपाठ आहे. परंतु गेल्या साठसत्तर वर्षांत प्राणिशास्त्रज्ञांनीं या प्राण्याचा जो पाठपुरावा केला, त्यावरून ही उपमा बदलावी लागेल असें दिसतें. बेडूक आणि त्याचे भाईबंद यांना घरापासून दूर नेऊन सोडलें, तर त्यांपैकीं पुष्कळ जण अंधाऱ्या रात्रीं, अनोळखी रानांतून, नेमके आपल्या पाणवठ्याकडे परत येतात. आणि त्यांतील कांहींच्या अंगीं पृथ्वीचें चुंबकत्व जाणण्याची शक्ति आहे. मनुष्याला ही गोष्ट यंत्रावांचून साधत नाहीं.

युरोपांतील सामान्य भेकाची गोष्ट प्रथम पाहूं या. भेक म्हणजे खरखरीत, चामखिळींनीं भरलेल्या अंगाचा, लांब उड्या मारण्याऐवजीं बहुधा रखडत चालणारा बेडूक. थंडी ओसरून पहिल्या उबदार पावसाच्या रात्री सुरू झाल्या, कीं इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत पाचोळ्याखालीं आणि बिळांत दडून बसलेले भेक मोठ्या संख्येनें बाहेर पडतात आणि अंडीं घालण्यासाठीं तळ्यांची वाट धरतात. वाटेंत दुसरीं तळीं लागतात, तीं वाईट असतात असेंहि नाहीं. पण पुष्कळसे भेक त्यांच्या कांठावरून पुढें निघून जातात. त्यांना हवें असतें तें त्यांचें स्वतःचें, मागल्या वर्षीचें तळें. तें तळें मध्यंतरीं कोणी बुजवून टाकलें असलें, तरी त्या कोरड्या जागीं येऊन घुटमळणारे भेक निरीक्षकांनीं पाहिले आहेत. पाण्याचा वास घेत घेत ते जात असते, तर जेथें पाणीच उरलें नाहीं तेथें ते गेले नसते. म्हणजे त्यांच्या मनांत, किंवा मन हा शब्द जड वाटत असल्यास मेंदूंत म्हणावें, जागेची कांहीं तरी खूण पक्की उमटलेली असते.

असाच अनुभव अमेरिकेंत न्यूट या प्राण्याविषयीं आला. न्यूट हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. दिसावयास पालीसारखा, परंतु अंगावर खवले नसलेला आणि ओलाव्यावांचून जगूं न शकणारा. महाराष्ट्रांत तो नाहीं. भारतांत त्याचे भाऊबंद दार्जिलिंगकडील हिमालयांत सांपडतात. कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिक्टर ट्विटी यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास एका डोंगरी ओढ्यांतील हजारों न्यूटांवर खुणा करून त्यांचा वर्षानुवर्षें माग ठेवला. हे प्राणी दर वर्षीं ओढ्याच्या त्याच लहानशा टापूंत परत येतात असें त्यांना दिसून आलें. त्यांना उचलून डोंगराच्या धारेपलीकडे दुसऱ्या ओढ्यांत सोडलें, तरी त्यांतील बरेचसे, कांहीं तर एकदोन वर्षांनीं, पुन्हां मूळ जागीं हजर झाले. पुढें कांहींचे डोळे निकामी करण्यांत आले. प्रयोग क्रूर होता यांत शंका नाहीं. पण त्याचा निकाल स्पष्ट होता. आंधळे न्यूटहि घरीं पोंचले. नाकाची मज्जा तोडलेल्या न्यूटांना मात्र घर गांठणें जमेना. १९६८ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हां वासानेंच सर्व कोडें उलगडतें असें पुष्कळांना वाटलें.

वास हा खरोखर मोठा वाटाड्या आहे. परंतु वाऱ्याची दिशा फिरते, पाऊस वास धुऊन नेतो, आणि डोंगरापलीकडच्या ओढ्याचा वास प्रत्येक ठिकाणीं पोंचेलच असा भरंवसा नाहीं. सूर्य व तारे यांवरून दिशा ओळखणारे बेडूक आहेत, हेंहि प्रयोगांनीं ठरलें आहे. पण बेडकाच्या प्रवासाची खरी वेळ म्हणजे ढगाळ, पावसाळी रात्र. अशा वेळीं आकाशांतील खुणा काय कामाच्या? जी खूण ढगांनीं झांकत नाहीं, वाऱ्यानें उडत नाहीं आणि रात्रंदिवस सर्व ठिकाणीं असते, अशी एकच आहे: पृथ्वीचें चुंबकक्षेत्र.

या क्षेत्राचा एक विशेष येथें समजून घेतला पाहिजे; तो कळल्यावांचून पुढील प्रयोगांतील मौज ध्यानांत यावयाची नाहीं. शाळेंतील होकायंत्राची सुई आडवी फिरते आणि उत्तर-दक्षिण दाखवून थांबते. परंतु तीच सुई तिच्या गुरुत्वमध्यावर वर-खालीं फिरण्यास मोकळी टांगली, तर ती आडवी राहत नाहीं. उत्तर गोलार्धांत तिचें उत्तरेकडील टोंक जमिनीकडे झुकतें. या झुकण्याला नति म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारतांत अगदीं दक्षिण टोंकाजवळ, नति शून्य असते. अलिबागेस ती २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागांत ती ७० अंशांच्या आसपास जाते, आणि चुंबकीय ध्रुवावर सुई सरळ उभी राहते. क्षेत्राचा जोर मात्र सर्वत्र नाजूकच असतो: पृथ्वीच्या पाठीवर २५,००० पासून ६५,००० नॅनोटेस्लापर्यंत. हे आंकडे भारदस्त दिसले तरी फसूं नये. खिशांतल्या एखाद्या लहान लोहचुंबकाला हात लावला, तर बोटाजवळचें क्षेत्र याच्या शेंकडों पट असतें.

एवढ्या क्षीण क्षेत्राचा प्राण्याला पत्ता लागत असेल, या कल्पनेला पुष्कळ काळ शास्त्रज्ञ हंसत असत. मोहिनीविद्या आणि प्राणिचुंबकत्व यांच्या नांवाखालीं पूर्वीं जें थोतांड माजलें होतें, तें पाहतां त्यांना दोष देतां येत नाहीं. वातावरण बदललें तें जर्मनींत. फ्रँकफुर्टचे व्होल्फगांग व्हिल्ट्शको व रोस्विथा व्हिल्ट्शको या दांपत्यानें १९७२ सालीं असें दाखविलें, कीं रॉबिन नांवाचा लहानसा प्रवासी पक्षी चुंबकक्षेत्रावरून दिशा ठरवितो. आणि त्यासाठीं तो उत्तर-दक्षिण टोंकांचा भेद पाहत नाहीं, तर क्षेत्ररेषांचा कल पाहतो. त्याच्या पुढील दशकांत अमेरिकेंतील जॉन फिलिप्स यांनीं उभयचरांकडे, म्हणजे जमिनीवर व पाण्यांत दोहींकडे वावरणाऱ्या या प्राण्यांकडे, मोर्चा वळविला.

त्यांनीं निवडलेला प्राणी म्हणजे पूर्व अमेरिकेंतील तांबड्या ठिपक्यांचा न्यूट. त्यांची पद्धति वर्णन करण्यासारखी आहे, कारण अशा विषयांत निकालापेक्षां पद्धतीवरच विश्वास किंवा अविश्वास अवलंबून असतो. उघड्यावर एक लांबट टाकी ठेवावयाची. तिच्या एका टोंकाला उतार करून कृत्रिम कांठ, दुसऱ्या टोंकाला खोल पाणी. न्यूट तींत कांहीं दिवस राहिला कीं कांठ अमक्या दिशेला आहे हें त्याच्या अंगवळणीं पडतें. मग पाणी किंचित् तापवावयाचें. पाणी तापलें, डबकें आटूं लागलें, कीं जमीन गांठावी ही न्यूटाची उपजत बुद्धि आहे. त्या क्षणीं त्याला उचलून आंतल्या खोलींत एका गोल रिंगणाच्या मध्यभागीं सोडावयाचें. रिंगणांत कांठ नाहीं, पाणी नाहीं, भिंती चोहोंकडे सारख्या. न्यूट कोणत्या बाजूला चालूं लागतो तेवढें टिपून घ्यावयाचें.

खरी खुबी पुढें आहे. रिंगणाभोंवतीं तारांचीं वेटोळीं असून त्यांतून वीज सोडली म्हणजे चुंबकीय उत्तर हवी तिकडे वळवितां येते: खऱ्या उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला किंवा पश्चिमेला. प्रत्येक न्यूटाची परीक्षा एकदांच, आणि या चारांपैकीं एकाच क्षेत्रांत. खोलींतील एखादा वास, फटींतून येणारा उजेड, जमिनीचा चढउतार यांमुळें जर प्राणी दिशा धरीत असतील, तर चारहि गटांचे न्यूट खोलीच्या एकाच बाजूला जातील. क्षेत्रामुळें धरीत असतील, तर क्षेत्र वळेल तसे तेहि वळतील. न्यूट क्षेत्राबरोबर वळले. टाकींत जिकडे कांठ होता, ती दिशा त्यांनीं चुंबकीय उत्तरेच्या हिशेबानें धरली.

यानंतर फिलिप्स यांनीं क्षेत्राची आडवी दिशा तशीच ठेवून फक्त त्याचा कल उलटा केला. म्हणजे सुईचें उत्तर टोंक खालीं झुकण्याऐवजीं वर उचललें जावें असें केलें. साध्या होकायंत्राला या फरकाचा पत्ताहि लागत नाहीं. परंतु कांठाच्या शोधांत असलेले न्यूट थेट उलट्या दिशेला फिरले. रॉबिन पक्ष्याप्रमाणें त्यांचेंहि होकायंत्र कलाचें आहे हें ठरलें. अशा होकायंत्राला ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ समजत नाहीं. ‘ध्रुवाकडे’ आणि ‘विषुववृत्ताकडे’ एवढेंच समजतें. आतां आश्चर्य असें कीं दूरच्या तळ्यावरून आणलेले जे न्यूट कांठ न शोधतां घराची दिशा धरीत होते, त्यांच्यावर कल उलटविण्याचा कांहींच परिणाम झाला नाहीं. ते उत्तर टोंक व दक्षिण टोंक यांतील भेद जाणत होते. एकाच प्राण्याच्या अंगांत दोन प्रकारचीं होकायंत्रें, आणि कोणत्या कामाला कोणतें वापरावयाचें हें ठरलेलें! १९८६ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला, आणि उभयचरांच्या दिशाज्ञानावरील चर्चा अजूनहि तेथूनच सुरू होते.

यापुढील शोध याहून चमत्कारिक आहे. चुंबकत्व आणि प्रकाश यांचा संबंध सामान्य माणसाला सुचणार नाहीं. होकायंत्र अंधाऱ्या पेटींतहि तितकेंच चालतें. परंतु १९९२ मध्यें इंडियाना विद्यापीठांत फिलिप्स व बोर्लंड यांनीं न्यूटांना निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत तपासलें. जांभळ्या-निळ्या प्रकाशांत, म्हणजे ४५० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीच्या किरणांत, त्यांनीं बरोबर दिशा धरली. ४७५ नॅनोमीटरच्या प्रकाशांत ते गोंधळून वाटेल तिकडे गेले. आणि ५०० नॅनोमीटरहून लांब तरंगांच्या, म्हणजे हिरव्या-पिवळ्याकडे झुकणाऱ्या प्रकाशांत ते सर्व पुन्हां एकमतानें चालूं लागले, पण बरोबर काटकोनांत चुकीच्या दिशेला! पूर्वेला जावयाचें ते उत्तरेला गेले.

पिवळा प्रकाश आवडला नाहीं म्हणून ते बिचकले असतील, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर त्याच शास्त्रज्ञांनीं सुरेख दिलें. कांहीं न्यूटांना पहिल्यापासूनच पिवळट प्रकाशांत ठेवून कांठाची दिशा शिकूं दिली. हे न्यूट पिवळट प्रकाशांत तपासले तेव्हां अगदीं बरोबर चालले. आणि त्यांना नेहमींचा पूर्ण प्रकाश दिला तेव्हां काटकोनांत चुकले. म्हणजे प्रकाशानें त्यांची इच्छा बदलली नव्हती. होकायंत्राची सुईच नव्वद अंशांनीं फिरली होती. चष्म्याची कांच तिरकी बसवावी आणि मनुष्यानें तिच्यांतूनच अक्षरें गिरवावयास शिकावीं, असा कांहींसा हा प्रकार आहे.

हा प्रकाश कोणत्या वाटेनें आंत शिरतो? सर्वजण डोळ्यांकडे बोट दाखवितील. परंतु १९९९ मध्यें न्यूटांच्या डोक्यावर गाळणीच्या पातळ पापुद्र्याच्या चिमुकल्या टोप्या बसवून जो प्रयोग झाला, त्यानें उत्तर निराळें दिलें. टोपीखालीं येतो तो भाग म्हणजे मेंदूच्या माथ्यावरील पिनियल ग्रंथि. खालच्या वर्गांतील पुष्कळ प्राण्यांत ही ग्रंथि व तिच्या लगतचा भाग कवटींतून झिरपणारा उजेड प्रत्यक्ष जाणतो. बेडकाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध फिकट ठिपका दिसतो तो याचाच बाह्य अवशेष. डोळ्यांवर कोणताहि प्रकाश पडो, न्यूटाची दिशा ठरली ती टोपीतून गाळून आलेल्या प्रकाशाप्रमाणें. पुराणांत तिसरा डोळा शंकराला दिला आहे. पण न्यूटाच्या कपाळीं तो आहे आणि तो दिशा पाहतो, असें म्हणण्यास आतां प्रयोगाचा आधार आहे. पक्ष्यांत हेंच काम नेहमींच्या डोळ्यांतील पडद्यावर होतें असें मानलें जातें.

प्रकाश लागतो तो कशासाठीं, याची उपपत्ति मात्र पदार्थविज्ञानाच्या खोल पाण्यांत जाते. क्लाउस शुल्टेन या शास्त्रज्ञानें १९७८ मध्यें अशी कल्पना मांडली, कीं कांहीं रासायनिक क्रियांत प्रकाशाच्या आघातानें एक इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेतो आणि एकेकट्या इलेक्ट्रॉनांची एक जोडी तयार होते. हे इलेक्ट्रॉन भोंवऱ्यासारखे फिरतात असें समजावें. दोघांची गिरकी परस्परविरुद्ध आहे कीं सारखी, यावर पुढें कोणता पदार्थ बनणार तें ठरतें. पृथ्वीच्या क्षेत्राची शक्ति इतकी अल्प आहे, कीं रेणूंच्या नित्याच्या धडपडींत ती कोठल्या कोठें हरवून जाईल. पण या गिरकीवर मात्र, जोडी मोडण्यापूर्वींच्या अत्यल्प अवधींत, तिचा परिणाम होऊं शकतो. नगारखान्यांत टिमकीचा आवाज ऐकूं येत नाहीं खरा. परंतु टिमकीच्या तालाला बांधलेली दोरी हलत असली, तर नगाऱ्यांनीं काय बिघडतें? २००० सालीं रिट्झ, आदेम व शुल्टेन यांनीं यासाठीं क्रिप्टोक्रोम या प्रथिनाचें नांव सुचविलें. वनस्पतींपासून मनुष्यापर्यंत सर्वत्र आढळणारें हें प्रथिन निळा प्रकाश शोषून घेतें. न्यूटाची दिशा निळ्या प्रकाशांतच बरोबर असते, ही गोष्ट या तर्काशीं जुळते.

दुसरी उपपत्ति अधिक सरळ आहे. अंगांतच चुंबकाचे कण असले तर? चिखलांत राहणारे कांहीं जीवाणु लोहयुक्त कणांची माळ शरीरांत बाळगतात व तिच्या आधारानें खालीं-वर जातात, असें रिचर्ड ब्लेकमोर यांनीं १९७५ मध्यें जाहीर केलें होतें. तांबड्या ठिपक्यांच्या न्यूटाच्या शरीरांतहि असा चुंबकीय लोहपदार्थ मिळाला आहे. घराकडे जाणाऱ्या न्यूटांना उत्तर-दक्षिण भेद कळतो, तो या दुसऱ्या साधनामुळें असावा असा तर्क आहे. कारण इलेक्ट्रॉनांच्या जोडीला असा भेद करतां येत नाहीं. मात्र तो कण कोणत्या पेशींत आहे व तिची मज्जा मेंदूंत कोठें जाते, हें बोट ठेवून दाखविलेलें नाहीं, आणि तोंवर तर्काला तर्कच म्हणावें.

येथें अलिबागची आठवण होते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजीं विजेनें चालवावयाच्या असें ठरूं लागलें, तेव्हां विजेच्या प्रवाहानें आपल्या सुया थरथरतील या भीतीनें तेथील चुंबकीय विभाग अलिबागेस हलविण्यांत आला. लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधण्यांत आली आणि १९०४ पासून तेथें नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईंत १९०७ सालीं धांवली. वेधशाळेला समुद्रापलीकडे जातां आलें. प्राण्यांना कोठें जातां येणार? जर्मनींतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारांत रॉबिन पक्षी कित्येक वर्षें दिशाच धरीनात. त्यांच्या लांकडी खोपटांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशीं तारेनें जोडले, तेव्हां पक्षी शुद्धीवर आल्याप्रमाणें बरोबर दिशेला उडूं लागले. जमिनीशीं असलेली जोडणी तोडली कीं पुन्हां गोंधळ. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या शोधांतील गुन्हेगार म्हणजे ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील विद्युत्-चुंबकीय कोलाहल. नभोवाणीचीं मध्यम लहरींचीं केंद्रें याच पट्ट्यांत बोलतात, आणि घरोघरच्या विजेच्या उपकरणांचा कलकलाटहि त्यांत असतो. त्याचा जोर मनुष्याला निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या मर्यादेहून पुष्कळच कमी होता. नभोवाणीवरील भाषणाला स्वतःविषयींचें हें गाऱ्हाणें वगळतां येणें शक्य होतें; परंतु तें प्रामाणिकपणाचें झालें नसतें.

दिशा कळली म्हणजे वाट कळली असें मात्र नाहीं. रात्रीं डोळे बांधून एखाद्याला अनोळखी माळावर सोडलें आणि हातांत उत्कृष्ट होकायंत्र दिलें, तरी घर उत्तरेला आहे कीं दक्षिणेला हें तो कशावरून ठरविणार? त्याला नकाशाहि पाहिजे. १९९५ मध्यें फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं न्यूटांना बंद डब्यांत, वाटेंतील कोणतीहि खूण मिळूं न देतां, कित्येक किलोमीटर दूर नेलें तरी ते रिंगणांत घराची दिशा धरतात. २००१ मध्यें त्यांनीं नतीमध्यें थोडासाच फरक केला, तर न्यूटांची दिशा बदलते असेंहि निवेदन केलें. जणु आपण घराच्या एका बाजूला सरकलों आहोंत असें त्यांना वाटावें. यावरून नकाशाहि चुंबकीयच असावा असें अनुमान निघतें.

हें अनुमान गिळण्यास कठीण आहे. एका किलोमीटरांत क्षेत्राचा जोर फार तर चार-पांच नॅनोटेस्लांनीं बदलतो, म्हणजे दहा हजारांत एक भाग. सूर्याच्या प्रभावानें रोजच्या रोज होणारा चढउतार याच्या कित्येक पट असतो. हा नकाशा वाचावयाचा तर न्यूटाला वेधशाळेंतील उपकरणाइतकी सूक्ष्मता हवी, आणि रोजच्या चढउताराची सरासरी काढण्याची शहाणीवहि हवी. बहुधा रात्रीं क्षेत्र स्थिर असतां तो हें वाचन करीत असावा, असें या मताचे पुरस्कर्ते म्हणतात. पुरावा टाकाऊ नाहीं. परंतु तो बराचसा एका प्रयोगशाळेंतून व तिच्याशीं संबंध असलेल्या संशोधकांकडून आलेला आहे, हेंहि विसरून चालत नाहीं. होकायंत्राचा पुरावा भक्कम, नकाशाचा विचारार्ह, असा निवाडा तूर्त द्यावा लागतो.

न्यूटांवरून बेडकांकडे वळलें तर चित्र अधिक गुंतागुंतीचें, पण अधिक ओळखीचें दिसतें. मॉस्को येथील शाखपारोनोव्ह व ओगुर्त्सोव्ह यांनीं २०१७ मध्यें दलदलींतील ३२ बेडूक तीन मीटर लांबीरुंदीच्या वेटोळ्यांच्या सांगाड्यांत ठेवून तपासले. बेडकाला दुफाट्यापाशीं सोडावयाचें आणि तो उजवीकडे जातो कीं डावीकडे हें पाहावयाचें; दोन्ही फांटे त्याच्या नेहमींच्या प्रवासमार्गाला समांतर ठेवलेले. क्षेत्र उलटें केलें कीं बेडकांची निवडहि उलटत असे. परंतु हें सर्व, उष्णता व उजेड यांच्या योगानें त्यांना विणीचा हंगाम भासविला तेव्हांच. हिंवाळ्याची अवस्था भासविली असतां क्षेत्र कोठेंहि फिरो, बेडकांना त्याचें सोयरसुतक नव्हतें. जाणीव असणें आणि तिची गरज पडणें या दोन गोष्टी आहेत, हें अशा प्रयोगांत वारंवार दिसून येतें. गरज नसलेल्या प्राण्याची परीक्षा घेऊन ‘त्याला ही शक्तीच नाहीं’ असा निर्णय देणारे कांहीं जुने निबंध म्हणूनच पुन्हां तपासावे लागतील. बेडकांचे शेपटीचे डिंभहि या विद्येंत मागें नाहींत. अमेरिकेंतील बुलफ्रॉग आणि स्पेनमधील हिरवा बेडूक यांचे डिंभ कांठ कोणीकडे व खोल पाणी कोणीकडे हें चुंबकक्षेत्रावरून शिकतात.

भेकांविषयीं जर्मनींतील उलरिख झिन्श यांनीं १९८० नंतरच्या दशकांत पुष्कळ काम केलें. त्यांचें म्हणणें असें, कीं भेक कोणत्याहि एकाच खुणेवर विसंबून राहत नाहीं. वास, चुंबकत्व व इतर खुणा यांचा तो मेळ घालतो आणि एक बुडाली तर दुसरी धरतो. या मताला अगदीं अलीकडे बळ मिळालें. मध्य व दक्षिण अमेरिकेंतील उंसाचा भेक, उंसावरील भुंगेरे खाईल या आशेनें, १९३२ सालीं हवाई बेटांत व १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांत नेऊन सोडण्यांत आला, आणि ऑस्ट्रेलियांत तर त्यानें भुंगेऱ्यांना सोडून इतर सृष्टीलाच उपद्रव दिला. हवाईंतील अशा भेकांना एक किलोमीटर दूर नेऊन सोडलें असतां बहुतेक घरीं परतले. कांहींचा वास घेण्याचा मार्ग बंद केला, तरी परतले. कांहींच्या चुंबकजाणिवेंत बिघाड केला, तरी परतले. परतीच्या वेळीं त्यांच्या मेंदूचा जो भाग विशेष जागृत दिसला, तो मनुष्याच्या मेंदूंत जागा व वाटा लक्षांत ठेवणाऱ्या भागाचा समकक्ष आहे. २०२५ मधील या निष्कर्षावरून ‘भेकाला चुंबकत्व कळत नाहीं’ असें म्हणणें घाईचें होईल. दोन काठ्यांनीं चालणाऱ्याची एक काठी काढून घेतली आणि तो पडला नाहीं, एवढ्यावरून ती काठी निरुपयोगी होती असें सिद्ध होत नाहीं.

या साऱ्या अभ्यासाला एक निकडीची बाजू आहे. २०२३ सालीं जगांतील उभयचरांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्याप्रमाणें त्यांच्या सुमारें ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यांत आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याहि वर्गाची स्थिति इतकी वाईट नाहीं. रोगराई, हवामानांतील बदल आणि जागेचा नाश हीं त्याचीं मोठीं कारणें. जागेच्या नाशावर कित्येकदां असा तोडगा सुचविण्यांत येतो, कीं एका तळ्यावर इमारत उठवावयाची असली तर तेथील भेक गोळा करून दुसऱ्या तळ्यांत सोडावे. कागदावर हा हिशेब चोख बसतो. पण भेकाला तो मान्य नसतो. नव्या तळ्याचें पाणी कितीहि चांगलें असलें तरी प्रौढ भेक तें सोडून जुन्या जागेची वाट धरतो, आणि ती वाट आतां मोटारींच्या रस्त्यावरून जाते. इंग्लंड, जर्मनी व स्वित्झर्लंड येथें वसंताच्या पावसाळी रात्रीं कित्येक गांवचे लोक हातांत दिवे व बादल्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि भेकांना उचलून पलीकडे पोंचवितात. कांहीं ठिकाणीं रस्त्याच्या कडेला बुटकीं कुंपणें घालून खालून भुयारी वाटा काढल्या आहेत. वसाहत हलविण्यावांचून गत्यंतरच नसेल तेथें प्रौढ भेकांऐवजीं त्यांचीं अंडीं किंवा डिंभ नव्या तळ्यांत नेणें अधिक पसंत केलें जातें, कारण त्यांच्या होकायंत्रावर अजून कोणत्याहि घराची दिशा कोरली गेलेली नसते.